चादरीच्या घडीतून नृत्य कसं उभं राहतं

दोन माणसं मोठी चादर घडी करताना कधी नीट निरखून पाहिली आहेत? दोघं दोन टोकांना उभी राहतात, चार कोपरे चार हातांत. चादर ताणायची, एकदा झटकायची. मग एकमेकांच्या दिशेने चालत यायचं. एकाच्या हातातले कोपरे दुसऱ्याच्या हातात जातात, बोटांना बोटं लागतात, आणि एक जण वाकून खाली लोंबणारी घडी उचलतो. पुन्हा मागे, पुन्हा जवळ. दर वेळी दोघांमधलं अंतर निम्मं होत जातं.

आता समजा, ही दोघं भाऊ-बहीण आहेत आणि सकाळपासून त्यांच्यात अबोला आहे. चादर तर घडी करायलाच हवी, आणि ती एकट्याने नीट होत नाही. म्हणजे जवळ येणं भाग आहे. नजर कुठे ठेवायची? कोपरा हातात देताना बोट लागलं तर पटकन मागे घ्यायचं, की लागू द्यायचं?

एवढ्याशा प्रसंगात ताण आहे, लय आहे, अंतराचा खेळ आहे. समकालीन डान्स थिएटरमध्ये नव्याने उभी राहणारी कोरिओग्राफर ज्या कच्च्या मालावर काम करते, तो असा असतो. आपल्यापर्यंत पोहोचतो तो तासाभराचा प्रयोग, आणि बाहेर पडताना मनात घोळत राहतं, 'हे हिला सुचलं कसं?' त्या 'कसं'चीच उकल इथे करायची आहे. उदाहरणाला ही चादर धरू. आपली कोरिओग्राफर काल्पनिक आहे; तिची पद्धत मात्र तालमीच्या खोल्यांमध्ये खरोखर वापरली जाते.

त्याआधी शब्दाचा एक घोळ मिटवायला हवा. मराठीत 'नृत्यनाट्य' म्हटलं की डोळ्यांसमोर येते एक कथा, तिची पात्रं, गीतं, आणि त्या कथेला साकार करणारं नृत्य. तिथे गोष्ट आधी ठरलेली असते. डान्स थिएटरमध्ये बहुतेकदा गोष्ट नसतेच. नर्तक बोलतात, गप्प बसतात, खुर्च्या ओढतात, धावतात, मिठी मारतात, आणि मधूनच ज्याला आपण सहज नृत्य म्हणू असं काहीतरी करतात. या सगळ्याला बांधून ठेवतो तो एखादा प्रश्न किंवा एखादी भावस्थिती.

हा प्रकार जर्मनीत रुजला, 'टान्झथिएटर' या नावाने. कोरिओग्राफर कुर्ट योस यांनी १९३२ साली 'द ग्रीन टेबल' रचलं. हिरव्या टेबलाभोवती मुखवटे घातलेले मुत्सद्दी वाटाघाटी करतात आणि त्यातून युद्ध सुटतं, अशी ती रचना. एसेनच्या फोल्कवांग शाळेत योस यांच्या हाताखाली शिकलेल्या पिना बाउश यांनी १९७३ मध्ये वुपर्टाल शहराच्या रंगभूमीवरच्या नृत्यसंचाची सूत्रं घेतली, तेव्हा त्या ३३ वर्षांच्या होत्या. सुरुवातीच्या काळात प्रेक्षक रागावून दारं आपटत निघून जात. १९७५ च्या 'द राइट ऑफ स्प्रिंग'मध्ये त्यांनी अख्ख्या रंगमंचावर माती पसरली. नर्तक त्या मातीत नाचतात, अंग मळतं, पाय रुततात, दम लागतो, आणि तो लागलेला दम लपवला जात नाही. १९७८ च्या 'कॅफे म्युलर'मध्ये रंगमंच खुर्च्या-टेबलांनी भरलेला. डोळे मिटलेली स्त्री त्यातून वाट काढत धावते आणि एक माणूस जिवाच्या आकांताने तिच्या वाटेतल्या खुर्च्या बाजूला सारतो. पहिल्या प्रयोगांत हे काम खुद्द नेपथ्यकार रोल्फ बोर्झिक करत. त्या माणसाच्या धावपळीत काळजी, भीती, प्रेम सगळं येतं, आणि एकही 'स्टेप' नसते.

बाउश यांचं एक वाक्य प्रसिद्ध आहे. माणसं कशी हलतात यापेक्षा त्यांना काय हलवतं, यात त्यांना रस होता. मराठीत हे वाक्य फार नेमकं उतरतं, कारण आपल्याकडेही माणूस आतून 'हलतो'.

आता मुख्य भाग: प्रश्न विचारणं. १९७८ मध्येच बाउश बोखुम शहरात 'मॅकबेथ'वर आधारित एक काम करत होत्या. त्याचं नावच मुळी नाटकातली एक रंगसूचना आहे: 'तो तिचा हात धरून तिला किल्ल्यात नेतो, बाकीचे मागोमाग जातात.' संचात नर्तकांबरोबर नट होते, एक गायिका होती. या सगळ्यांना एकाच तऱ्हेच्या हालचाली शिकवण्यात अर्थ नव्हता. मग बाउश त्यांना प्रश्न विचारू लागल्या. उत्तर कोणी बोलून द्यावं, कोणी हातवाऱ्याने, कोणी हालचालीतून. त्या बघत आणि टिपून ठेवत. पुढे हीच त्यांची पद्धत झाली, आणि आज जगभरच्या तालमींमध्ये 'टास्क', म्हणजे नर्तकांना दिलेलं असं छोटं काम, हा शब्द रुळला आहे.

प्रश्न विचारणं सोपं वाटतं, पण नवी कोरिओग्राफर पहिल्यांदा अडते ती इथेच. आपली कोरिओग्राफर पहिल्या दिवशी नर्तकांना सांगते, 'अबोला दाखवा.' चार नर्तक चार कोपऱ्यांत जातात. कोणी पाठ फिरवतो, कोणी मान खाली घालते, कोणी भिंतीला कपाळ टेकतो. सगळं ओळखीचं आणि सगळं निर्जीव. चूक नर्तकांची नाही. 'दाखवा' म्हटलं की माणूस आपल्याला आधीपासून माहीत असलेलं चित्र काढून दाखवतो. मोठ्या भावनेचं नाव घेतलं की शरीर ठरावीक साच्यात जाऊन बसतं.

दुसऱ्या दिवशी ती प्रश्न बारीक करते. 'भांडणानंतर पहिल्यांदा एका खोलीत आल्यावर तुमचे हात नेमके कुठे होते?' 'बोलायचं नव्हतं, पण एकत्र करावंच लागलं असं एखादं काम आठवा.' 'ज्याच्याशी बोलत नव्हतात, त्याला रस्ता द्यायला किती बाजूला सरलात? हाताने मोजून दाखवा.' आता नर्तक विचारात पडतात. एकाला आठवतं, बहिणीशी बोलणं बंद असताना तिच्याबरोबर चादरी घडी कराव्या लागल्या होत्या. तो खोलीत पडलेला एक कपडा उचलतो आणि दुसऱ्या नर्तकीला म्हणतो, 'ते टोक धर.'

म्हणजे ज्या चादरीवर हा लेख उभा आहे, ती कोरिओग्राफरला सुचलेलीच नाही. तिला सुचला तो प्रश्न, आणि समोर घडलेल्या दहा गोष्टींपैकी हीच उचलावी हेही तिला कळलं. माझ्या मते या कलेतलं कर्तृत्व मुख्यतः इथे असतं. तालमीच्या खोलीत कोपऱ्यात बसून पाहताना मला हे वारंवार दिसलं आहे: सगळे पाणी प्यायला थांबलेले असताना कोणी नकळत काहीतरी करतं, आणि कोरिओग्राफर ओरडते, 'थांब, तेच पुन्हा कर.' डोळे सतत उघडे ठेवण्याची ही मेहनत बाहेरून दिसत नाही, म्हणून तिची दखल कमी घेतली जाते.

यातून नैतिक प्रश्नही उभा राहतो आणि तो टाळता येत नाही. ती आठवण त्या नर्तकाची आहे, कलाकृतीवर नाव कोरिओग्राफरचं लागणार. म्हणून आज अनेक जण श्रेयनामावलीत 'नर्तकांसह निर्मिती' असं स्पष्ट लिहितात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कोणती आठवण रंगमंचावर न्यायची आणि कोणती खोलीतच ठेवायची हे ठरवण्याचा हक्क नर्तकाकडे राहिला पाहिजे. खोलीत विश्वास नसेल तर उत्तरं पुन्हा साच्यातलीच येतात. तेव्हा हा मुद्दा माणुसकीचा आहे तसाच कारागिरीचाही आहे.

चादर सापडली. आता ती पकडायची कशी? उत्स्फूर्त हालचालीची एक खोड असते: पहिल्यांदा ती जिवंत असते, दुसऱ्यांदा केली की मरते. पहिल्यांदा नर्तकाला पुढे काय होणार ते ठाऊक नव्हतं, आता ठाऊक आहे. म्हणून मोबाइलवर चित्रीकरण केलं जातं. अर्धा तास चाललेल्या शोधातले कधीकधी दहाच सेकंद उपयोगी असतात. नर्तक ते दहा सेकंद पुन्हा पुन्हा पाहतात आणि दुसऱ्याची हालचाल शिकावी तशी स्वतःचीच हालचाल शिकतात. वजन कोणत्या पायावर होतं? श्वास कधी अडकला? आधी मान वळली की आधी डोळे? हे तपशील जागच्या जागी बसले की हालचाल पुन्हा श्वास घेऊ लागते.

यानंतरचा टप्पा मला सगळ्यात श्रीमंत वाटतो. हाताशी एक छोटा तुकडा आहे आणि त्याचं काय काय करता येईल याला अंत नाही. कोरिओग्राफर पहिली गोष्ट करते ती ही की चादर काढून घेते. नर्तकांनी तेच सगळं रिकाम्या हातांनी करायचं. तेच अंतर, तोच ताण, बोटांत तीच पकड. अचानक दोन माणसांच्या मध्ये एक अदृश्य वस्तू उभी राहते. ती चादर आहे हे पाहणाऱ्याला कळेलच असं नाही. पण दोघं मिळून काहीतरी सांभाळत आहेत आणि ते काही केल्या सोडता येत नाही, हे मात्र कळतं. अबोल्याबद्दल तिला जे म्हणायचं होतं ते इथे पहिल्यांदा उमटतं. वस्तू होती तोवर ती घरकामाची नक्कल होती.

मग वेग. हालचालीचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांनी हालचालीचा गुण समजून घ्यायला चार बाजू मांडल्या होत्या: वजन, काळ, अवकाश आणि प्रवाह. अवघड वाटलं तरी ही रोजच्या अनुभवातली गोष्ट आहे. तोच कोपरा जड हाताने द्या, हलक्या हाताने द्या. झटक्यात द्या, रेंगाळत द्या. थेट समोरच्याकडे जा, वळसा घेत जा. हालचाल मोकळी सोडा किंवा प्रत्येक इंचावर लगाम ठेवा. जड, रेंगाळलेला, लगाम घातलेला कोपरा म्हणजे राग गिळलेला माणूस. हलका, झटक्यात दिलेला कोपरा म्हणजे 'मला काही फरक पडत नाही'. पावलं तीच राहतात, माणूस बदलतो.

पुनरावृत्ती हे आणखी एक हत्यार. 'कॅफे म्युलर'मधला एक प्रसंग त्यासाठी पाहण्यासारखा आहे. एक जोडपं मिठीत उभं आहे. तिसरा माणूस येऊन त्यांचे हात वेगळ्या तऱ्हेने मांडतो आणि स्त्रीला पुरुषाच्या हातांवर ठेवतो. पुरुषाचे हात सुटतात, ती खाली पडते, झटकन उठून पुन्हा त्याला बिलगते. तिसरा माणूस पुन्हा येतो, पुन्हा मांडणी करतो. हे परत परत, अधिकाधिक वेगाने होत राहतं. शेवटी तिसऱ्या माणसाची गरजच उरत नाही, ती दोघं आपोआप तसं करू लागतात. पहिल्या वेळी थोडं हसू येतं, पुढे अस्वस्थ वाटतं, आणि नंतर छातीत कळ उठते. हालचाल बदललेली नाही. पाहणाऱ्यात आधीच्या सगळ्या वेळा साठत गेल्या आहेत.

साठवण्याचा खेळ अमेरिकन कोरिओग्राफर ट्रिशा ब्राउन यांनी १९७१ च्या 'अक्युम्युलेशन'मध्ये अगदी उघडा करून दाखवला. एक हालचाल करायची, मग पहिली आणि दुसरी, मग पहिली, दुसरी आणि तिसरी, असं वाढवत न्यायचं. आपली कोरिओग्राफर हा नियम चादरीला लावून पाहते: ताणणं, ताणणं आणि झटकणं, ताणणं, झटकणं आणि चालत येणं. बोटं लागण्याचा क्षण सगळ्यात शेवटी येतो, आणि तोवर पाहणारा त्याची वाट पाहू लागलेला असतो. मग ती आणखी एक बदल करते. नर्तकाला बाजूला करते आणि नर्तकी एकटीच, समोर कोणी नसताना, आपल्या वाटणीची घडी घालते. खोलीतले सगळे गप्प होतात. आता हे अबोल्याबद्दल उरलेलं नाही, कायमच्या गेलेल्या माणसाबद्दल झालं आहे. हे तिला सुचवायचं होतं का? नव्हतं. पण दिसल्यावर ते सोडणंही शक्य नाही. विषय वाटेत असा बदलतो, आणि बदलू देण्याइतकी मोकळीक मनात ठेवावी लागते.

साध्या हालचालींतून केवढी इमारत उभी राहू शकते हे पाहायचं तर बेल्जियन कोरिओग्राफर आन तेरेसा द केर्समाकर यांचं १९८३ चं 'रोसास डान्स्ट रोसास' पाहावं. चार स्त्रिया, खुर्च्या, केसांतून हात फिरवणं, खांद्यावरचा कपडा सारखा करणं, पुढे वाकणं. एवढ्याच ऐवजावर काटेकोर, जवळजवळ गणिती रचना उभी आहे. तेव्हा त्या विशीच्या सुरुवातीला होत्या. पैसा आणि मोठा संच हाताशी नसलेल्या नव्या कलावंतांना मला हे उदाहरण आवर्जून सांगावंसं वाटतं, कारण थोडक्या ऐवजाने शिस्त येते.

यानंतर येतो तो काळ ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. तालमींचे निम्मे दिवस सरलेले असतात. हाताशी तीस-चाळीस तुकडे आहेत. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी छान आहे आणि सगळे मिळून काहीच होत नाही. नर्तक विचारतात, 'पुढे काय?' आणि कोरिओग्राफरकडे उत्तर नसतं. अनुभवी माणूस या धुक्यातून आधी कधीतरी बाहेर आलेला असतो, म्हणून त्याला धीर असतो. नवख्या माणसाला वाटतं की आपल्यात काही नाही हे आता उघडं पडलं. याच घाईत अनेक जण एखादं भावपूर्ण गाणं लावतात, सगळ्यांना एका रांगेत नाचवतात आणि सुटका करून घेतात. मला त्यांचा राग येत नाही, पण वाईट वाटतं, कारण नेमकी तिथेच कलाकृती जन्माला यायची असते.

सुटकेचा खरा मार्ग साधा आणि कष्टाचा आहे. प्रत्येक तुकड्याचं नाव एका कागदावर लिहायचं, 'चादर', 'रिकामी चादर', 'एकटी', 'रस्ता देणं', आणि कागद जमिनीवर मांडायचे. मग क्रम बदलत राहायचं. 'एकटी' शेवटी ठेवली तर तो मृत्यू वाटतो. तीच सुरुवातीला ठेवली आणि नंतर भाऊ येऊन दुसरं टोक धरताना दिसला, तर पाहणाऱ्याला तो भूतकाळ वाटतो, किंवा तिची इच्छा. दोन तुकडे शेजारी आले की तिसराच अर्थ निघतो, आणि तो दोघांपैकी एकातही नसतो. म्हणूनच क्रम लावणं ही रचनाच आहे.

या टप्प्यावर बाहेरचा डोळा लागतो. मोठ्या संचांत ड्रामाटुर्ग नावाची व्यक्ती असते, जी रचनेशी, अर्थाशी, क्रमाशी झगडायला कोरिओग्राफरला सोबत करते. बाउश यांच्याबरोबर १९८० च्या दशकात रायमुंड होगे हे काम करत. नव्या कलावंताकडे असं माणूस क्वचितच असतं, शिवाय बऱ्याचदा ती स्वतःच नाचत असते. आतून नाचणं आणि बाहेरून पाहणं एकाच वेळी जमत नाही. म्हणून निदान एक विश्वासू माणूस बाहेर बसवावा, असं मी म्हणेन. बाकी काटकसर कुठेही करा, इथे नको.

अर्धवट काम निवडक लोकांना दाखवायची प्रथा आहे, आणि त्यानंतर होणाऱ्या चर्चेत कित्येक कोवळी कामं मोडतात. पाहणारे उत्साहाने सांगू लागतात की आपण असतो तर काय केलं असतं. अमेरिकन कोरिओग्राफर लिझ लर्मन यांनी यावर चार पायऱ्यांची पद्धत बसवली. आधी पाहणाऱ्यांनी त्यांना काय अर्थपूर्ण, काय लक्षात राहण्यासारखं वाटलं ते सांगायचं. मग कलाकाराने त्यांना प्रश्न विचारायचे. मग पाहणाऱ्यांनी विचारायचे, पण मत न मिसळता. 'इतकं लांब का?' यात मत आहे. 'हा भाग किती वेळ चालावा हे कसं ठरवलंत?' यात नाही. मतं सगळ्यात शेवटी, तीही कलाकाराने परवानगी दिली तर. ही पद्धत नृत्याबाहेरही कामाला येते. कोणाचं अपुरं लेखन वाचताना वापरून पाहा.

संगीताचं काय, हा प्रश्न लोक पहिल्यांदा विचारतात, पण प्रक्रियेत तो बऱ्याचदा उशिरा येतो. कोरिओग्राफर मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी तर नृत्य आणि संगीत एकमेकांपासून स्वतंत्र रचलं. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी घडतात एवढाच संबंध. आपल्या कोरिओग्राफरला मात्र शोध लागतो की चादर झटकल्याचा 'फट्ट' आवाज हाच तिचा ताल आहे. सुरुवातीला खरी चादर, तिचा आवाज. नंतर चादर नाही, तरी झटक्याच्या क्षणी पाहणाऱ्याच्या कानात तो आवाज होतो. प्रकाश, कपडे यांचे निर्णय याच धाग्याने होतात.

आणि मग कापाकापी. ज्या तुकड्यावर सगळ्यात जास्त दिवस घालवले, तोच बहुधा जातो. सुंदर उड्या असलेला एक भाग तिला फार आवडतो. नर्तकही त्यात खुलतात, टाळ्या तिथेच पडतील. पण त्या उड्यांनंतर रिकाम्या हातांची घडी फिकी दिसते. ती दोन दिवस घालमेल करून उड्या काढून टाकते. प्रयोग पाहणाऱ्याला त्या कधीच दिसणार नाहीत, पण नर्तकांच्या शरीरात त्या राहतात.

'आम्हाला काही कळलं नाही' असं म्हणत बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना मला मनापासून सांगावंसं वाटतं की उत्तर शोधायला जाऊ नका. कोणत्या क्षणी तुमचा श्वास अडकला, कुठे नजर वळवावीशी वाटली, घरी गेल्यावर काय आठवलं, तेवढं पुरे. कोरिओग्राफरनेही याच खुणांवर भरवसा ठेवून ते रचलं आहे.

पहिल्या प्रयोगानंतर काम थांबत नाही. बाउश यांचं 'कोन्टाकहोफ' १९७८ चं. २००० मध्ये त्यांनी तेच ६५ वर्षांवरच्या, नर्तक नसलेल्या वुपर्टालकरांबरोबर केलं आणि २००८ मध्ये किशोरवयीन मुलामुलींबरोबर. रचना तीच, शरीरं वेगळी. नव्या कोरिओग्राफरवर ही वेळ लवकरच येते. पहिला नर्तक दुसऱ्या कामाला जातो आणि त्याच्या जागी नवा मुलगा येतो. व्हिडिओ पाहून तो दोन दिवसांत सगळं शिकतो. मोजमाप बरोबर, दिशा बरोबर, आणि तरी समोर कोणी काही धरलेलं आहे असं वाटत नाही. ती त्याला वजन समजावते, ताण समजावते, नजर समजावते. काही होत नाही. त्याच्या हातांना ठाऊकच नाही की ते काय सांभाळत आहेत.

मग ती कोपऱ्यातल्या पेटीतून खरी चादर काढते, एक टोक त्याच्या हातात देते आणि दुसरं टोक धरून स्वतः मागे मागे चालत जाते.